रंग: तेरड्याचा, कुस्तीचा आणि विड्याचा

सप्टेंबरात मेढ्याजवळच्या कास पठारावर तेरडा गुलाबी-जांभळा आणि सोनकी पिवळीधमक फुलते. टोपली कारवीची निळाई मात्र साधारण 7 वर्षांनीच येते. पण आपल्या मराठीत रंग फक्त डोळ्यांपुरता थांबत नाही. कुस्ती रंगते, भजन रंगतं. आभाळाचा रंग बघून भाताची मळणी उरकतात, घरधन्याचा रागरंग बघून विषय काढतात. तमाशात तर रंगबाजी हा अख्खा भागच असतो!

मला सगळ्यांत भावतो तो रंगलेला विडा. पान हिरवं, चुना पांढरा, कात तपकिरी. लाल काहीच नाही. चावताना सुपारी-कातातल्या तुरट द्रव्यांवर चुन्याची क्रिया होते आणि तोंड लालभडक होतं.

तुमच्याकडे आणखी काय काय रंगतं? नक्की लिहा.