दम्याचा पंप आणि आमचा चुकलेला पाठ

दमा हा विकार नवा नव्हे. चरकसंहितेंत श्वासरोगाचे जे पांच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील तमक श्वास तो प्रायः हाच. मोजकी मात्रा सोडणारा पंप मात्र १९५६ सालीं अमेरिकेंत प्रथम निघाला. प्रतिबंधक पंप रोज घेऊनही ज्यांचा दम ओसरत नाहीं, अशा वाचकांसाठीं आम्ही आमचीच एक चूक येथें निवेदन करीत आहों.

पूर्वीं आम्ही कॅप्सूलमधील चूर्ण ओढण्याचें यंत्र वापरीत असूं. गेल्या पावसाळ्यांत त्याऐवजीं फवाऱ्याचा पंप मिळाला. तो आम्हीं नेमानें घेतला. तरी पहांटे खोकल्यानें जाग येई, आणि तात्काळ आराम देणारा दुसरा पंप दिवसांतून तीन-तीन वेळां लागे. 'या औषधांत राम नाहीं,' असें ठरवून आम्हीं प्रतिबंधक पंप कपाटांत टाकला. आठव्या रात्रीं एक वाक्यही पुरें बोलवेना, तेव्हां मुलानें आम्हांस रुग्णालयांत नेलें.

दुसरे दिवशीं तेथील डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, पंप घेऊन दाखवा पाहूं." आम्हीं जोरानें झुरका ओढला. "येथेंच चुकलें," त्या म्हणाल्या, "चूर्ण जोरानें ओढावयाचें, फवारा सावकाश. तुमचें बहुतेक औषध घशांतच बसलें." ४० वर्षें आम्हीं म्हणवून घेतल्यावांचून कोणाही विद्यार्थ्याचा पाठ मान्य केला नाहीं, स्वतःचा पाठ मात्र कोणासमोर म्हणून दाखविला नव्हता!

वस्तुतः प्राणायाम जाणणारास ही रीत कठीण नाहीं. पंप हलवावा. प्रथम रेचक, म्हणजे श्वास पूर्ण सोडावा. मग पंप ओठांत घट्ट धरून, श्वास घेण्यास आरंभ करतांच तो दाबावा व सावकाश दीर्घ पूरक करावा. नंतर सुमारें १० सेकंद कुंभक. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटानें. हात व श्वास यांचा मेळ बसत नसेल, तर 'स्पेसर' नांवाची नळी लावावी. शेवटीं चूळ भरून टाकावी. नाहीं तर तोंडांत बुरशीचा पांढरा थर धरतो.

रीत सुधारूनही दम राहिला, तर इतर कारणें शोधावीं: उदबत्तीचा किंवा तंबाखूचा धूर, भिंतीची ओल, अंथरुणांतील धूळ, वाहतें नाक, आम्लपित्त. ॲस्पिरिनसारखीं वेदनाशामकें, रक्तदाबाचीं कांहीं औषधें आणि काचबिंदूसाठीं घालावयाचे टिमोलॉलचे थेंब हींही कित्येकांचा दमा वाढवितात. म्हणून घरांतील सर्व औषधें डॉक्टरांस दाखवावीं. आमच्या घरीं उदबत्ती आतां अंगणांत तुळशीपाशीं लागते. आमच्या कुटुंबास हें प्रथम रुचलें नाहीं. आमची झोंप पाहून पुढें त्यांची कुरकुर थांबली.

आराम देणारा पंप आठवड्यांत दोहोंपेक्षां अधिक वेळां लागणें, किंवा दम्यानें रात्रीं जाग येणें, हें दमा ताब्यांत नसल्याचें लक्षण होय. प्रतिबंधक औषध श्वासनलिकांचा दाह हळूहळू शमवितें. तें स्वतःच्या मतानें बंद करूं नये. बोलवेना, ओठ निळसर झाले, किंवा पंपानें आराम पडेना, तर क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

पुढील भेटीस जातांना पंप बरोबर न्यावा, आणि डॉक्टरांनीं विचारलें नाहीं तरी आपण होऊन म्हणावें, "पाठ म्हणून दाखवितों; चूक असल्यास सांगा." या वयांत पुन्हां विद्यार्थी होण्यांत कमीपणा नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों.