बाकीची मुलं कुठे गेली?

विटी-दांडू खेळताना विटी डोळ्यावर बसते, किंवा फटाक्याचा तुकडा उडतो. अशा माराने डोळ्यातलं भिंग पांढरं पडू शकतं आणि सहा वर्षांच्या मुलालाही मोतीबिंदू होतो. ऑपरेशन करून गढूळ भिंग काढतात, शक्य असेल तर कृत्रिम भिंग बसवतात. मोठ्या माणसाचं काम बऱ्याचदा एवढ्यावर आटोपतं. मुलाचं नाही.

कारण बघायला मेंदू शिकतो, आणि साधारण सात-आठ वर्षांपर्यंत तो शिकतच असतो. ह्यूबेल आणि वीझल यांनी 1960च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा दोन-तीन महिने बंद ठेवला. उघडल्यावर मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला दादच देईनात. मुलांतही दुखावलेल्या डोळ्यातून धूसर चित्र येत राहिलं की मेंदू दुसऱ्या डोळ्यावर भिस्त ठेवतो. याला 'आळशी डोळा' म्हणतात (बिचाऱ्या डोळ्यावर उगाच आळ!). उपाय म्हणजे चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, तीही महिनोन्महिने. ज्याने नीट दिसतं तोच डोळा झाकायचा, हे मुलाला कसं पटवणार? त्यात भिंगामागचं पटल पुन्हा गढूळ होऊ शकतं, डोळा वाढतो तसा चष्म्याचा नंबर बदलतो. म्हणून फॉलो-अप वर्षानुवर्षे लागतो. आणि नेमका तोच सुटतो.

आता यावरचा पेपर वाचताना काय होतं बघा. समजा (आकडे माझेच, हिशेबापुरते) 100 मुलांचं ऑपरेशन झालं, पाच वर्षांनी 40 तपासणीला आली आणि त्यातल्या 30 जणांची नजर 6/18 किंवा त्याहून चांगली निघाली. गोषवाऱ्यात येणार 75 टक्के. पीएचडीच्या पहिल्या वर्षी असाच एक आकडा मी सेमिनारमध्ये ठोकून दिला होता. गाईडनी एवढंच विचारलं, "बाकीची मुलं कुठायत?" मी गप्प.

ती 60 बरी झाली म्हणून आली नाहीत, की काही फरकच पडत नाही म्हणून आईवडिलांनी नाद सोडला? सगळ्यांची नजर चांगली धरली तर 90 टक्के, सगळ्यांची वाईट धरली तर 30. खरं उत्तर यात कुठेही असू शकतं.

म्हणून आता मी आधी तक्ते चाळते. आलेल्या आणि न आलेल्या मुलांचं वय, दुखापतीचा प्रकार, सुरुवातीची नजर यांची तुलना दिली आहे का ते बघते. नसेल तर त्या टक्केवारीशेजारी पेन्सिलीने 'किती ते किती?' असं लिहून ठेवते.