नव्या संगणकावर कॅलेंडर कोरे दिसते तेव्हा

संगणक बदलल्यावर कॅलेंडरमधल्या नोंदी दिसेनाशा झाल्या, तरी बहुतेक वेळा त्या पुसल्या गेलेल्या नसतात. त्या होत्या तिथेच असतात. नवा संगणक भलतीकडे बघत असतो. म्हणून पहिला प्रश्न एकच: नोंदी मुळात साठत कुठे होत्या, इंटरनेटवरच्या सर्व्हरवर की जुन्या संगणकाच्या डिस्कवर? याचा छडा लागेपर्यंत जुना संगणक फॉरमॅट मारून एक्सचेंजमध्ये देऊ नये. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सरसकट मिळेनासे झाले. संगणक बदलायला तेही एक निमित्त झाले आणि अशा वेळी घाई होतेच.

गूगल, आयक्लाउड किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चे कॅलेंडर सर्व्हरवर असते. त्याची परीक्षा सोपी आहे. ब्राउझरमधून त्या खात्यात जाऊन कॅलेंडर उघडावे. नोंदी तिथे दिसल्या तर काहीच हरवलेले नाही. एक तर नव्या संगणकावर दुसरेच खाते जोडले गेले आहे (घरचे एक आणि कामाचे एक असे दोन जीमेल असणाऱ्यांचे हे हमखास होते), नाही तर बाजूच्या यादीत त्या कॅलेंडरपुढची टिक निघालेली आहे. सणांच्या आणि सुट्यांच्या नोंदी बाहेरून जोडलेल्या कॅलेंडरमधून येतात. ते पुन्हा जोडले की त्या परततात, त्यांच्या शोधात वेळ घालवायचे कारण नाही. परदेशातून आणलेल्या लॅपटॉपवर टाइम झोनही पाहावा. तो कॅलिफोर्नियाचा राहिला असेल, तर इथली सकाळी ११ ची बैठक आदल्या रात्रीच्या रकान्यात जाऊन बसते आणि त्या दिवशी शोधणाऱ्याला सापडत नाही.

ब्राउझरमध्येही नोंद नसेल तर ट्रॅश पाहावा. गूगल कॅलेंडरमध्ये काढून टाकलेली नोंद साधारण ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते. आयक्लाउडच्या संकेतस्थळावर कॅलेंडरची आधीची प्रत परत आणायची सोय आहे. मात्र ती प्रत आत्ताच्या सगळ्या कॅलेंडरची जागा घेते, हे ध्यानात ठेवूनच बटण दाबावे.

खरी गोम आहे ती आउटलुकमध्ये. वकील, सीए, छोटे कारखानदार यांच्याकडे स्वतःच्या डोमेनचा मेल असतो आणि तो पॉप किंवा आयमॅप पद्धतीने आउटलुकला जोडलेला असतो. या दोन्ही पद्धती फक्त मेलची ने-आण करतात. नव्या संगणकावर आयमॅप खाते जोडले की मेल सामानाबरोबर येतो, कॅलेंडर मात्र जुन्या घराच्या भिंतीवरच राहते. मेल आलेला पाहून माणूस निर्धास्त होतो आणि नेमका तिथेच फसतो.

पॉप खात्याचे कॅलेंडर पीएसटी फाइलमध्ये असते. आउटलुक २०१० पासून ही फाइल सहसा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये सापडते. त्याआधीच्या आवृत्तीत ती लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये असे. आउटलुक बंद करून फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि नव्या संगणकावरच्या क्लासिक आउटलुकमध्ये उघडावी. आउटलुक २०१३ पासून आयमॅप खात्याची फाइल ओएसटी झाली. ती नुसती उचलून दुसऱ्या संगणकावर नेली तर आउटलुक ती उघडत नाही. जुन्या संगणकावर आउटलुक सुरू करून कॅलेंडर पीएसटीमध्ये एक्स्पोर्ट करावे लागते. जुने यंत्र चालू स्थितीत हाताशी हवे, ते यासाठी.

थंडरबर्डचे स्थानिक कॅलेंडर प्रोफाइल फोल्डरमध्ये असते, त्यामुळे संपूर्ण प्रोफाइल उचलून नेलेले बरे. मॅकवर ‘ऑन माय मॅक’ या मथळ्याखालची कॅलेंडरे आयक्लाउडवर जात नाहीत. ती एक्स्पोर्ट करून किंवा टाइम मशीनच्या बॅकअपमधून आणावी लागतात.

जुना संगणक सुरूच होत नसेल, तर त्याची डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून वाचता येते. डिस्कला बिटलॉकर असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. एसएसडीवरून पुसलेली फाइल मात्र परत मिळण्याची आशा फार धरू नये, कारण ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा लवकरच साफ करून टाकते. आणखी एक जागा अनेकांच्या लक्षात येत नाही: खिशातला मोबाइल. तो कॅलेंडरशी सिंक होत असेल तर त्यात प्रत असू शकते. ती पाहण्याआधी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावा, नाही तर सिंक होताच तिथल्या नोंदीही निघून जातील. काही मोबाइलमध्ये गेल्या महिन्याभराच्याच नोंदी येतात, अशी सेटिंग असते, हेही पाहावे.

सापडलेल्या नोंदी नव्या ठिकाणी नेताना आयसीएस फाइल सोयीची. ही साधी मजकूर-फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. ‘समरी’पुढे नोंदीचे नाव, ‘डीटीस्टार्ट’पुढे तारीख-वेळ आणि ‘आररूल’पुढे पुनरावृत्तीचा नियम. वेळेच्या शेवटी ‘झेड’ हे अक्षर असेल तर ती वेळ यूटीसी समजावी. तिथे ०५:३० लिहिले असेल तर भारतात सकाळचे ११ वाजलेले असतात. प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख-खूण असते, तरीही दुबार नोंदी होतातच. म्हणून आधी एक रिकामे कॅलेंडर तयार करून त्यात आयात करावी. घोळ झाला तर तेवढेच कॅलेंडर काढून टाकता येते. सीएसव्ही फाइल शक्यतो टाळावी. तिच्यात पुनरावृत्तीचा नियम टिकत नाही आणि दरवर्षीचा वाढदिवस एकाच वर्षापुरता उरतो. गूगलमध्ये आयात केलेल्या बैठकींबरोबर निमंत्रितांची नावे आणि व्हिडिओ कॉलचा तपशील येत नाही. पुढच्या तारखांच्या बैठकींची निमंत्रणे नव्याने धाडावी लागतात.