क्लच घसरतो तेव्हा: कडक स्प्रिंगच्या आधी काय पाहावं?

नालासोपारा पूर्वेच्या आचोळे रोडवर सकाळी मोटारसायकल काढणाऱ्याचा डावा हात उजव्याहून जास्त राबतो. रिक्षा, शाळेच्या बस, स्टेशन गाठायला निघालेली माणसं. पहिला गिअर, अर्धा क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. वसई फाट्याहून महामार्ग धरून घोडबंदरकडे जाणाऱ्याची गतही फारशी वेगळी नाही. अशा रस्त्यांवर क्लच लवकर झिजतो आणि घसरायला लागला की सल्ला तयार असतो: ‘कडक स्प्रिंग टाका, पिकअप परत येईल.’ काही गाड्यांना हा सल्ला नेमका लागू पडतो. पण पुष्कळदा त्याने खरं दुखणं झाकलं जातं आणि चार-सहा महिन्यांनी दुप्पट खर्च समोर उभा राहतो.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. घर्षणाचा थर असलेल्या क्लच प्लेट आणि साध्या पोलादी प्लेट एकाआड एक रचलेल्या असतात. लहान गाड्यांत बहुधा चार आणि मोठ्यांत पाच-सहा स्प्रिंग हा सगळा थर घट्ट दाबून ठेवतात. आपण लीव्हर ओढतो तेव्हा तो दाब हटतो. म्हणजे क्लच किती ताकद पेलणार हे चार गोष्टींवर ठरतं: स्प्रिंगचा दाब, प्लेटची पकड, घर्षणाच्या पृष्ठांची संख्या आणि त्यांची त्रिज्या. शेवटच्या दोन कारखान्यातच ठरतात. बिघडतात त्या पहिल्या दोन.

घसरणारा क्लच ओळखणं सोपं आहे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगात असताना ॲक्सिलरेटर एकदम पिळा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडीने त्या प्रमाणात वेग घेतला नाही, तर प्लेट एकमेकींवर घसरताहेत. मागे माणूस बसला किंवा चढ लागला की हे आधी जाणवतं. जळका वास येतो, पेट्रोल जास्त लागतं.

इथे लगेच क्लचचं कव्हर उघडायला घेऊ नये. आधी क्लच वायर पाहावी. लीव्हरला सुरुवातीला थोडी ढील हवी. अनेक लहान गाड्यांत ती टोकाशी मोजली तर १० ते २० मिलिमीटर सांगितलेली असते, पण आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेतच पाहावा. प्लेट झिजत जातात तशी ही ढील कमी होते. ती संपली की लीव्हर न ओढताही स्प्रिंगवरचा थोडा दाब सतत निघालेला राहतो. आपल्या भागात त्यात पावसाची भर पडते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या होत्या, हे इथल्या माणसाला सांगायला नको. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की वायरच्या आवरणात गंज धरतो, वायर अडकते आणि लीव्हर सोडल्यावरही पूर्ण मागे जात नाही. इलाज वायर बदलण्याचा. कडक स्प्रिंगचा इथे काहीही संबंध नाही.

दुसरा संशयित म्हणजे ऑइल. मोटारगाडीसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. मोटारगाडीच्या इंजिनाला ती मानवतात, पण ऑइलात बुडालेल्या क्लचची पकड सोडवतात. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही जपानी मानकाची खूण पाहावी. ‘एमबी’ लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी ठीक, गिअरच्या मोटारसायकलसाठी नाही. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय; ते लगेच बदलावं.

आता हिशेब करू. समजा, चुकीच्या ऑइलमुळे किंवा जळून गुळगुळीत झालेल्या प्लेटमुळे पकड पाव हिश्शाने घटली. १०० ची ताकद ७५ वर आली. त्यावर २० टक्के कडक स्प्रिंग टाकल्या तर ती ९० होते. आजचं घसरणं थांबेलही, पण क्लच मूळच्यापेक्षा कमजोरच राहिला. झिजेचंही तसंच. पाच क्लच प्लेट प्रत्येकी ०.३ मिलिमीटर झिजल्या तर सगळा थर दीड मिलिमीटरने बारीक होतो, स्प्रिंग तेवढ्या सैलावतात आणि दाब उतरतो. त्या प्लेटवर नव्या कडक स्प्रिंग टाकून मिळालेला आराम थोड्याच दिवसांचा.

मग कडक स्प्रिंग घ्यायच्या कधी? प्लेट मापात आहेत, ऑइल बरोबर आहे, वायर मोकळी आहे आणि तरी क्लच घसरतो, तेव्हा आधी जुन्या स्प्रिंगची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजावी. पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा आखूड झाल्या असतील तर कंपनीच्या मूळ स्प्रिंग पुरतात. इंजिनाची ताकद मुद्दाम वाढवली असेल, तर १०-१५ टक्के कडक स्प्रिंग हा योग्य उपाय आहे. मात्र लीव्हर जवळजवळ तेवढाच जड होतो. आचोळ्याच्या गर्दीत दिवसभर तो ओढणाऱ्या मनगटाने हे आधी ध्यानात घ्यावं. वायर आणि रिलीज बेअरिंगवरही भार वाढतो. जुन्या स्प्रिंगखाली वायसर घालून दाब वाढवण्याची युक्ती तर करूच नये. वायसर जाड असला तर लीव्हर ओढताना स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात, प्लेट पुऱ्या सुटत नाहीत आणि न्यूट्रल लागता लागत नाही.

बसवताना सगळ्या स्प्रिंग एकदम बदलाव्यात, एखादीच नव्हे. त्यांचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत. एकाच बाजूने आवळले तर प्रेशर प्लेट तिरकी बसते. नव्या क्लच प्लेट आधी इंजिन ऑइलमध्ये भिजवाव्यात. पोलादी प्लेट सपाट काचेवर ठेवून वाकल्यात का ते पाहावं, निळसर डाग दिसले तर त्या तापलेल्या आहेत असं समजावं. कव्हरचं गॅस्केट नवं घालावं.

गॅरेजमध्ये काम टाकताना जुन्या प्लेट आणि स्प्रिंग परत मागून घ्या, आणि मिस्त्रींना माप तुमच्यासमोर घ्यायला सांगा. चांगला मिस्त्री त्याला नाही म्हणत नाही.