निखाऱ्यासारखा मॅनिफोल्ड

१९६२ साली आलेल्या ब्रिटिश ‘एमजीबी’चं बॉनेट अंधारात उघडलं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालबुंद दिसला, तर बहुतेकांचा संशय कार्बोरेटरवर जातो. माझा टायमिंगवर. ठिणगी उशिरा पडली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी आत जाळ सुरूच असतो. पिस्टन ढकलायची उष्णता मॅनिफोल्डच्या बिडात मुरते. म्हणून आधी टायमिंग लाइट लावा. मग इंजिन बंद करून व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडून काढा आणि तोंडाने ओढा. हवा येतच राहिली, तर बहुधा ठिणगी लवकर पाडणारा डिस्ट्रिब्युटरवरचा पडदा फाटलाय. मिश्रणाचं नंतर: चालू इंजिनात एसयू कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. इंजिन लगेच आचके देऊ लागलं, तर पेट्रोल कमी पडतंय. आणि हो, या गाडीत कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या शेजारीच, मध्ये फक्त एक पत्रा!