टायर निवडताना आधी जमीन बघा

जुहू, वर्सोवा, अक्सा, गोराई. मुंबईच्या पश्चिम उपनगरांची कड या किनाऱ्यांनी आखलेली आहे. 2021 साली मुंबई पोलिसांच्या ताफ्यात किनाऱ्यावरच्या गस्तीसाठी ‘ऑल टेरेन व्हेइकल’, म्हणजेच एटीव्ही, दाखल झाल्या. कोरड्या भुसभुशीत वाळूत साधी जीप चाकापर्यंत रुतते, तिथून अशी गाडी सहज निघून जाते. श्रेय लोक इंजिनाला देतात. खरे काम मात्र टायर करतो. जवळ जाऊन अंगठ्याने दाबला तर तो चक्क आत जातो, आणि बाजूने पाहिले तर हवा कमी झाल्यासारखा थोडा बसलेला दिसतो. पंपावर नेला तर पोऱ्या लगेच हवा भरायला धावेल. पण त्या टायरला तेवढीच हवा हवी असते.

एटीव्हीचा मोठा ग्राहक आहे अमेरिकेतला शिकारी. हरणांच्या हंगामात जंगलातल्या वाटांवरून सामान नेणे, केलेली शिकार ओढून आणणे यासाठी तिथे या गाड्या सर्रास वापरल्या जातात. टायर घासले की दुसरे कोणते घालावेत, यावर तिकडे तावातावाने चर्चा चालतात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची ही हौस संपवली, आणि ते योग्यच झाले. टायरचे शास्त्र मात्र शिकाऱ्याला, पोलिसाला, वनरक्षकाला आणि रविवारी सह्याद्रीत गाडी घेऊन जाणाऱ्या मुलुंडकराला एकच लागू पडते.

शिवाय या विषयाचे महाराष्ट्राशी थेट नाते आहे. ट्रॅक्टर, खाणीतली यंत्रे आणि एटीव्ही यांचे टायर बनवून युरोप-अमेरिकेला पाठवणाऱ्या बाळकृष्ण इंडस्ट्रीज, म्हणजे ‘बीकेटी’, या कंपनीचे मुख्यालय मुंबईत आहे आणि तिचा एक कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहे. उपनगरांत तर टायरचा उद्योग जुनाच. मूळ इटलीतल्या तुरिनची ‘सिएट’ 1958 मध्ये भारतात आली आणि घाटकोपर-मुलुंडच्या दरम्यान, भांडुपला तिचा कारखाना उभा राहिला.

दाब आणि ठसा

टायर गाडीचे वजन कसे पेलतो? रबर आणि आतले धागे थोडा भार घेतात. बाकीचा सगळा भार आतली हवा उचलते. त्यामुळे टायर जमिनीवर जेवढा दाब देतो, तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. हे एक वाक्य पक्के ध्यानात ठेवले, तर निम्मा विषय समजला.

आता हिशेब करू. माणसांसह 1400 किलोची मोटार आहे आणि टायरमध्ये ‘बत्तीस’ हवा आहे, म्हणजे 32 पीएसआय. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो होतो. भागाकार केला की चारही टायर मिळून जमिनीला टेकतात सुमारे 620 चौरस सेंटिमीटर. ए-4 आकाराच्या एका कागदाएवढी ही जागा. द्रुतगती महामार्गावरचे वळण, ब्रेक, पावसातली पकड, सगळे त्या एका कागदावर चालते.

एटीव्हीचे गणित वेगळे. गाडी 350 किलोची, चालक आणि सामान 150 किलोचे, आणि टायरमध्ये हवा फक्त 5 पीएसआय. जमिनीला टेकलेली जागा, म्हणजे टायरचा ठसा, होतो 1400 चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त. वजन मोटारीच्या जवळपास तिसरा हिस्सा, पण ठसा सव्वादोन पट. वाळू तिला गिळत नाही ती यामुळे.

ही कल्पना बाजारात मोठ्या प्रमाणावर आणली होंडाने. 1970 साली अमेरिकेत आलेल्या ‘यूएस 90’ या तीनचाकी गाडीला स्प्रिंगा नव्हत्याच. फुग्यासारखे लठ्ठ टायर हाच तिचा झोपाळा. त्याआधी चार-पाच दशके राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी फोर्ड गाड्या घेऊन इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात फिरत असे. टेकड्या ओलांडायच्या तर टायरची हवा कमी करायची, हे त्याने आणि त्याच्या साथीदारांनी अनुभवातून पक्के केले. पुढे वाळूच्या भौतिकशास्त्रावर त्याने लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो. मऊ जमिनीवर चाक कसे चालते याला शास्त्राची शिस्त लावली ती मिएचिस्वाव्ह बेकर या पोलिश अभियंत्याने. 1971 मध्ये अपोलो-15 ने चंद्रावर नेलेल्या गाडीच्या, तारेच्या जाळीच्या चाकांमागे त्याचेच काम होते.

हवा कमी केली की ठसा रुंदीपेक्षा लांबीला अधिक वाढतो, आणि फायदा त्यातच आहे. रुंद चाकाला समोर वाळूची मोठी भिंत ढकलत जावे लागते. लांब ठशाला ढकलायचे ओझे कमी आणि टेकायला जागा जास्त.

चिखल एकाच जातीचा नसतो

वाळूत जे चालते ते चिखलात चालेलच असे नाही. वाळूत खोल खाचांचा टायर जोरात फिरवला तर तो खड्डा खणतो आणि गाडी बसते. चिखलात मात्र खाचा लागतात. फक्त किती खोल आणि किती विरळ, हे चिखलावर ठरते.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाटांवर पावसाळ्यात वर दोन-चार बोटे निसरडा लाल राडा असतो आणि खाली कडक मुरूम किंवा कातळ. इथे अरुंद टायर सरस ठरतो. तो वरचा थर कापून खाली टणक जमिनीला जाऊन भिडतो. रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो. भातखाचरात उलट. तिथे खाली लवकर टणक काही लागतच नाही. चिखलणीच्या वेळी शेतकरी ट्रॅक्टरला लोखंडी पट्ट्यांची केज व्हील लावतात ते याच कारणाने: भार पसरतो, आणि पट्ट्या चिखलाला मागे रेटत गाडी पुढे ढकलतात.

देशावरच्या काळ्या मातीची तऱ्हा तिसरी. पाणी लागले की ती फुगते आणि चाकाला चिकटते. खाचा जवळजवळ असतील तर पाच मिनिटांत त्या भरून टायर गुळगुळीत गोळा होतो. म्हणून चिखलाच्या टायरची बटणे, म्हणजे खाचांमधले रबराचे उंचवटे, विरळ ठेवतात. चाक वेगाने फिरले की मधली माती उडून जाते आणि खाच पुन्हा मोकळी होते. एटीव्हीच्या साध्या टायरची खाच पाऊण इंचाच्या आसपास, तर अस्सल चिखली टायरची इंचापेक्षाही जास्त खोल असते. अशा टायरची खरी परीक्षा बघायची तर गोव्यात 2014 पासून भर पावसात भरणारी ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही गाड्यांची स्पर्धा बघावी. तिथे असले टायर घालूनही गाड्या विंचच्या दोराने ओढून काढाव्या लागतात.

तोच टायर डांबरी रस्त्यावर

अंधेरी-बोरिवलीत सध्या थार, जिम्नी आणि बटन टायरच्या मोटारसायकली पुष्कळ दिसतात. दुकानात टायर बदलायला गेलेल्या मालकाचे लक्ष सर्वांत रांगड्या नक्षीकडे जाते. ही गाडी आठवड्याचे सहा दिवस लिंक रोडवर, सिग्नलला आणि पुलांवर धावणार असते. तिथे त्या नक्षीची किंमत मोजावी लागते.

विरळ बटणे म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर कमी. उंच बटणे ब्रेक मारताना वाकतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. ओल्या काँक्रीटवर हा फरक अधिक जाणवतो. आवाज वाढतो, मायलेज उतरते, आणि बटणांच्या कडा लवकर झिजतात. खोल खाचा पाणी बाहेर काढायला चांगल्या असतात हे खरे, पण पाणी काढणे आणि पकड देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाण्यावर टायर तरंगण्याचे शास्त्र नासाच्या संशोधकांनी 1963 मध्ये विमानांच्या चाकांवर अभ्यासले. रस्त्यावर साचलेल्या पाण्याची खोली टायरच्या खाचेपेक्षा जास्त झाली की एका वेगानंतर टायर जमीन सोडतो. तो वेग ताशी मैलांत काढायचा तर हवेच्या दाबाच्या वर्गमुळाला 10.35 ने गुणायचे. 32 पीएसआयला उत्तर येते ताशी सुमारे 94 किलोमीटर. 16 पीएसआयला ते 67 वर उतरते. मोटारीच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू नसले तरी दिशा स्पष्ट आहे. माळशेजच्या बाजूला चिखलात हवा कमी करून फिरलेला माणूस तशीच हवा ठेवून पावसात पूर्व द्रुतगती महामार्गावर आला, तर टायर तरंगण्याचा धोका त्याने स्वतः ओढवून घेतलेला असतो.

दुसरा धोका उष्णतेचा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला चेपतो आणि उलगडतो. त्यात खर्च झालेली ऊर्जा रबरात उष्णता होऊन साठते. वेग जास्त, अंतर लांब, वर उन्हाळा, की टायर फुटतो. समृद्धी महामार्गावरच्या अपघातांनंतर परिवहन विभागाने 2023 मध्ये प्रवेशाच्या ठिकाणीच टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगाच नव्हे.

टायरच्या अंगावरचे आकडे

एटीव्हीच्या टायरवर 25×8-12 असे लिहिलेले असते: उंची 25 इंच, रुंदी 8 इंच, रिम 12 इंचांची. पुष्कळ गाड्यांना मागचा टायर पुढच्यापेक्षा रुंद असतो. त्या टायरवर ‘एनएचएस’ ही अक्षरे असली तर तो महामार्गासाठी बनवलेला नाही, असा त्याचा अर्थ. मोटारीच्या 255/65 आर 18 मध्ये 255 मिलिमीटर रुंदी, तिच्या 65 टक्के बाजूची उंची आणि 18 इंचांची रिम. त्यापुढचा अंक भाराचा: 100 असेल तर तो टायर 800 किलो पेलतो.

‘सिक्स प्लाय’ वाचून आत सहा थर आहेत असे समजू नये. ही मापे सुती धाग्यांच्या काळातली आहेत. आजचे धागे तेव्हापेक्षा मजबूत, त्यामुळे कमी थरांत तेवढीच ताकद मिळते. सह्याद्रीतला बेसाल्ट फुटला की त्याला धारदार कडा येतात आणि त्या टायरची बाजू चिरतात. नक्षीत घुसलेला खिळा पंक्चरवाला दहा मिनिटांत काढतो. बाजू चिरली तर टायर गेलाच. म्हणून खडकाळ वाटांवर जाणाऱ्याने नक्षीच्या आधी बाजूची मजबुती विचारावी.

मोठा टायर घालायचा मोह अनेकांना होतो. एटीव्हीला 25 ऐवजी 27 इंची टायर घातला तर गाडी जमिनीपासून एकच इंच उचलली जाते, कारण वाढलेल्या उंचीतली निम्मी आसाच्या वर जाते. बदल्यात चाकाचा घेर आठ टक्के वाढतो, चढावर ओढ तेवढी कमी होते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. फोर-बाय-फोर गाडीत पुढे नवे आणि मागे घासलेले टायर ठेवले तर दोन्ही आसांचे फेरे जुळत नाहीत आणि ताण गिअरवर येतो. बदलायचे तर चारही एकदम बदलावेत.

बाजूवर कोरलेले चार अंक दुकानदार सहसा दाखवत नाही. ते आपण शोधायचे. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारे होते, ऊन आणि ओझोनने त्याला बारीक भेगा पडतात. मोठ्या सवलतीचा टायर बघितला की आधी हे अंक वाचावेत. मोटारीच्या टायरची खाच 1.6 मिलिमीटरवर आली की कायद्याने त्याचे आयुष्य संपले. खाचेत तेवढ्या उंचीची छोटी गाठ त्यासाठीच दिलेली असते.

आणखी एक गोष्ट, टायरइतकीच महत्त्वाची. चांगला टायर मिळाला म्हणून गाडी कुठेही नेता येत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा तुंगारेश्वर अभयारण्य ही मजेखातर गाडी दामटण्याची ठिकाणे नव्हेत. किनारेही नव्हेत: वर्सोव्याला 2018 मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर पडली होती. वाळूखालचे घरटे वरून दिसत नाही, आणि त्यावरून गेलेले चाक ते चिरडते.

उपनगरातल्या ज्या गाडीला महिन्याकाठी एखादी कच्ची वाट लागते, तिला मध्यम खाचांचा ‘ऑल टेरेन’ टायर, कंपनीने सांगितलेल्याच मापाचा, पुरेसा आहे. चिखली टायर शेतावर, खाणीवर किंवा स्पर्धेत रोज राबणाऱ्या गाडीला घालावा. उरलेल्या पैशांत हवेचा दाब मोजायचा चांगला गेज आणि हवा भरायचा छोटा पंप घ्यावा. कच्च्या वाटेवर हवा कमी केली असेल तर डांबरावर चढण्यापूर्वी ती पुन्हा भरावी, आणि जून उजाडण्याआधी चारही टायरांच्या खाचा, बाजू आणि ते चार अंक एकदा तपासून घ्यावेत.