सुई टोचण्याआधी विचारा

अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. विनयपिटकाच्या महावग्गातील हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही घेतला आहे. प्रवचनांत तो आपण करुणेचे उदाहरण म्हणून ऐकतो. महावग्गातला त्यापुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. तिथे तथागतांनी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे; रुग्णाला हितकर काय आणि अहितकर काय हे ओळखून हितकर तेवढेच द्यावे; सेवा लोभाने नव्हे, मैत्रीने करावी; मलमूत्राची, ओकारीची किळस करू नये; आणि धम्मकथेने रुग्णाला धीर द्यावा.

यातला दुसरा गुण आपल्या बुलडाणा जिल्ह्यात फार महत्त्वाचा आहे.

जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांतली बरीच गावे पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात येतात. किडनीच्या आजाराने तिथली कितीतरी घरे पोखरली आहेत. असा रुग्ण अंग दुखते म्हणून दवाखान्यात जातो आणि नातेवाईक म्हणतात, “लय अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून द्या.” सलाईन म्हणजे ताकद, ही समजूत गावोगावी पक्की आहे. पण साध्या सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत 4.5 ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. ज्याची लघवी कमी झाली आहे त्याच्या अंगात ते साचते, फुप्फुसात पाणी होते आणि रात्री दम लागतो. अंगदुखीसाठी दिलेले डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन उरलीसुरली किडनीही बिघडवू शकते. डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला केला आहे, त्या हाताचा बीपी घ्यायचा नाही, तपासणीसाठी रक्त काढायचे नाही, सलाईनही लावायचे नाही. हे माहीत नसले तर सेवाभाव कितीही असो, रुग्णाला इजा होते.

आपल्या समाजातल्या अनेक मुली एएनएम, जीएनएम करून वॉर्डात उभ्या आहेत. डॉक्टरांनी लिहिले आणि सिस्टरने दिले, एवढ्यावर त्यांचे काम संपत नाही. औषध रुग्णाच्या अंगात जाण्याआधी ते शेवटचे त्यांच्याच हातात असते. शंका आली तर विचारणे हा उद्धटपणा नव्हे, ते कर्तव्यच आहे. विचारावे थोडक्यात आणि नेमके: “सर, सात नंबरच्या पेशंटचं डायलिसिस चालू आहे, लघवी कमी आहे, पायावर सूज आहे. सलाईन लावू की थांबू?” फोनवर मिळालेली सूचना परत म्हणून दाखवावी आणि वेळेसह लिहून ठेवावी.

इन्सुलिनची गोष्टही अशीच. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा 40 युनिटचे असते, म्हणजे एका मिलीत 40 युनिट; पेनचे असते 100 युनिटचे. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. 40 ची सहसा लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. 100 युनिटचे इन्सुलिन 40 च्या सिरिंजने भरले तर रुग्णाला अडीचपट डोस जातो. म्हणून टोपणाच्या रंगावर न जाता बाटली आणि सिरिंज या दोहोंवरचा आकडा वाचावा, आणि टोचण्याआधी रुग्ण जेवणार आहे का हेही विचारावे. घाम, थरथर, बरळणे सुरू झाले तर लगेच साखर तपासावी. ती 70 च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, डॉक्टरांना बोलवावे.

किळस न करण्याचा गुण तर मला शास्त्रच वाटतो. वॉर्डातले मलमूत्राचे काम मावशीवर ढकलायचे, ही जातीच्या उतरंडीची जुनी सवय आहे आणि ती आपल्यातही शिरते. पण वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्या रुग्णाची शी डांबरासारखी काळी झाली तर पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. ते बघणाऱ्यालाच कळते. श्वासाचेही तसेच. तक्त्यावर बहुतेकांपुढे सरसकट 20 लिहिलेले असते. घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजावे. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 असतो. तो 25 वर गेला किंवा 8 पर्यंत उतरला तर बीपी बरा दिसला तरी डॉक्टरांना तातडीने कळवावे. ब्रिटनमध्ये 2012 पासून वापरात असलेल्या धोक्याच्या तक्त्यात एवढ्या एका आकड्याला सर्वाधिक, म्हणजे 3 गुण दिले आहेत.

महावग्गात रुग्णाचेही पाच गुण सांगितले आहेत. त्यातला एक म्हणजे आपला आजार शुश्रूषा करणाऱ्याला जसा आहे तसा सांगणे. आपण मात्र दारू लपवतो, जडीबुटी लपवतो, मेडिकलवरून परस्पर आणलेल्या गोळ्याही लपवतो. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, रिकामीसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावीत. सोबत शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट असावा. कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पित्त उठले होते ते एका कागदावर लिहून न्यावे, आणि सिस्टरने विचारण्याची वाट न पाहता तो कागद तिच्या हातात द्यावा.